सटीप संदर्भसूची: टीप कुणासाठी लिहायची?

(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत संशोधक विद्यार्थी आणि वाचक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटची प्रश्नोत्तरं थोडक्यात दिली आहेत.)



विषय ऐकून निम्मे लोक घरी जातील असं मला वाटलं होतं. 'सूची' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे प्रबंधाची शेवटची पानं येतात. सबमिशनच्या आदल्या रात्री टाईप केलेली. तरी एवढे जण आलात, त्याबद्दल आभार.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. म्हणजे पुढे मी जे कडक बोलणार आहे, ते कोणत्या अधिकारानं, ते तुम्हाला कळेल.

मी संशोधन करत होते तेव्हा माझ्या प्रबंधाला सटीप संदर्भसूची जोडली होती. साध्या यादीत लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल एवढंच असतं. सटीप सूचीत प्रत्येक नोंदीखाली चार-सहा ओळींची टीप असते: हे पुस्तक काय आहे, कसं आहे, कशाला उपयोगी पडेल. माझ्या यादीत एक जुनं चरित्र होतं. त्याची दुसरी आवृत्ती मला मिळाली. वेळ नव्हता. मी प्रस्तावना वाचली, मधली दोन प्रकरणं चाळली आणि टीप लिहिली. प्रस्तावनेत लेखकानं म्हटलं होतं की शेवटी परिशिष्टात मूळ पत्रं दिली आहेत. मीही तसं लिहून टाकलं: 'परिशिष्टात मूळ पत्रे.'

काही वर्षांनी एक मुलगी मला भेटायला आली. माझी टीप वाचून ती रात्रभर एसटीनं प्रवास करून त्या ग्रंथालयात गेली होती, फक्त त्या पत्रांसाठी. पुस्तक निघालं, पत्रं नव्हती. झालं होतं असं की प्रस्तावना पहिल्या आवृत्तीची होती, ती दुसऱ्या आवृत्तीत तशीच छापली होती, आणि परिशिष्ट मात्र पानं वाचवायला काढून टाकलं होतं. मी शेवटचं पान उलटून पाहिलं असतं तरी कळलं असतं. ती मुलगी चिडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठली प्रत पाहिली होती?" मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

आजचं सगळं भाषण त्या प्रश्नावरचं आहे असं समजा.

आपल्याकडे टिपा कशा लिहिल्या जातात ते आधी पाहू. मी गेली बरीच वर्षं प्रबंध तपासते आहे. सूचीतल्या टिपांमध्ये ठराविक शब्द येतात: मौलिक, सखोल, विवेचक, अभ्यासपूर्ण, संदर्भसमृद्ध, उपयुक्त. आणि शेवटी 'अभ्यासकांनी आवर्जून वाचावे'. हे सत्कार समारंभातले शब्द आहेत. शाल, श्रीफळ आणि 'मौलिक'. त्यातून पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही. एक सोपी परीक्षा सांगते. एका पुस्तकाखालची टीप उचला आणि दुसऱ्या पुस्तकाखाली ठेवा. कुणाला फरक कळला नाही, तर ती टीप खोडा. ती कोणत्याच पुस्तकाची नव्हती.

माझं म्हणणं असं आहे की टीप हा समीक्षेचा सगळ्यात लहान प्रकार आहे. लहान आहे म्हणून सोपा नाही. दहा पानांच्या परीक्षणात तुम्ही गोल गोल फिरू शकता. शंभर शब्दांत ते जमत नाही. तिथं पुस्तक वाचलंय की नाही ते लगेच उघडं पडतं.

आता एक खरं पुस्तक घेऊ आणि त्याच्यावर तीन टिपा लिहून पाहू. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना'. तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल, निदान नाव तरी ऐकलं असेल. १८८२ साली पुण्यात, श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. ५०० प्रती, किंमत नऊ आणे. लेखिका बुलढाण्याची. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजातले.

पहिली टीप. ही मी बनवलेली आहे, पण अशा मी पुष्कळ वाचल्या आहेत:

'आद्य स्त्रीवादी लेखिका ताराबाई शिंदे यांचे हे पुस्तक अत्यंत मौलिक आहे. लेखिकेने स्त्री-पुरुष समानतेचा विचार प्रभावीपणे मांडला आहे. स्त्रीमुक्तीच्या अभ्यासकांना उपयुक्त.'

यात चूक काय? खोटं असं काही नाही. पण हे लिहायला पुस्तक उघडावं लागत नाही. मुखपृष्ठ पुरतं. 'आद्य स्त्रीवादी' हे शब्द आपले आहेत, १८८२ च्या मराठीत ते नव्हते. लेबल लावायला हरकत नाही, पण लेबल लावलं म्हणजे वर्णन झालं असं नाही. डब्यावर 'खाऊ' लिहिलं, तर आत चकली आहे की लाडू ते कळत नाही ना, तसं.

दुसरी टीप:

'१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या चारित्र्यावर जी टीका झाली, तिला उत्तर म्हणून लिहिलेला निबंध. स्त्रियांना चिकटवलेले दोष पुरुषांतही आहेत, किंबहुना अधिक आहेत, असा युक्तिवाद.'

ही पुष्कळच बरी. पुस्तक कशातून जन्मलं ते कळलं, काय म्हणतं ते कळलं. बहुतेक मार्गदर्शक या टिपेला पूर्ण गुण देतील. पण हा सारांश आहे. वाचणाऱ्याला पुढचे प्रश्न पडतातच. ही माहिती मी खटल्याच्या अभ्यासासाठी वापरू का? तुम्ही १८८२ ची प्रत पाहिली का? तुमच्या कामात हे पुस्तक कुठं बसतं?

तिसरी टीप. सावकाश वाचते:

'मूळ छपाई पुणे, १८८२. येथे वापरली ती स. गं. मालशे यांनी संपादित केलेली १९७५ ची आवृत्ती. मूळ प्रत पाहिलेली नाही. विजयालक्ष्मी खटल्यानंतर झालेल्या स्त्रीनिंदेला उत्तर. रीत अशी: स्त्रियांवर लादलेला एकेक दोष घ्यायचा आणि तो पुरुषांत कसा आहे हे दाखवायचे. बायको मेल्यावर पुरुषाला लग्नाची मोकळीक आणि विधवेला मात्र बंदी, या विसंगतीवर मुख्य रोख. खटल्याचे कागद वा तपशील यात नाहीत. त्यासाठी हे साधन वापरू नये. भाषा बोलीला जवळची, समोरच्या पुरुषाला थेट जाब विचारणारी. एकोणिसाव्या शतकातील स्त्रीच्या वादप्रधान गद्याचा नमुना म्हणून स्वतंत्र महत्त्व. महात्मा फुले यांच्या "सत्सार"च्या दुसऱ्या अंकासोबत (१८८५) वाचावे. तेथे फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आहे. प्रस्तुत प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात युक्तिवादाच्या रीतीसाठी वापरले.'

शंभराच्या आसपास शब्द आहेत. यात 'मौलिक' हा शब्द नाही. पण पुस्तक मौलिक आहे हे तुम्हाला आता पहिल्या टिपेपेक्षा जास्त पटलं की नाही? आणि महत्त्वाचं म्हणजे, हे पुस्तक कशासाठी वापरू नये तेही टिपेनं सांगितलं. आपल्याकडे हे वाक्य कुणी लिहीत नाही. मर्यादा सांगितली की पुस्तकाचा अपमान झाला असं आपल्याला वाटतं. उलट आहे. ज्या कामासाठी पुस्तक लिहिलंच नाही, त्या कामाला जुंपून मग ते कमी पडलं म्हणणं, हा अपमान.

हेच पुस्तक मी मुद्दाम निवडलं, कारण त्याच्या नशिबी काय आलं ते पाहण्यासारखं आहे. १८८२ साली छापलं गेलं. १८८५ मध्ये फुल्यांनी त्याची दखल घेतली. आणि मग ते जवळजवळ विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये मालश्यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा कुठं मराठी वाचकांना ताराबाई भेटल्या. त्यानंतर अभ्यास झाले, १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅन्लन यांचं इंग्रजी भाषांतर आलं, आज जगभर हा निबंध शिकवला जातो. मध्ये नव्वद वर्षं गेली. विचार करा, नव्वद वर्षं.

'सत्सार'मधली फुल्यांची ती दखल म्हणजे एका अर्थानं टीपच होती. एका वाचकानं पुढच्या वाचकाला सांगितलं की हे पुस्तक असं आहे आणि ते महत्त्वाचं का आहे. आता गंमत बघा. धनंजय कीर आणि मालशे यांनीच १९६९ मध्ये फुल्यांचं समग्र वाङ्मय संपादित केलं, त्यात 'सत्सार' आहे. आणि सहा वर्षांनी मालशे 'स्त्रीपुरुषतुलना' छापतात. एकातून दुसरं निघालं असा दावा मी करत नाही, तो शोध घ्यायला हवा. पण एक गोष्ट नक्की. यादीतलं नुसतं नाव कुणाला हाक मारत नाही. 'शिंदे ताराबाई, स्त्रीपुरुषतुलना, पुणे, १८८२' ही ओळ वाचून कोण थांबेल? त्या ओळीखाली फुल्यांसारख्या कुणाचे चार शब्द असतील, तर माणूस थांबतो.

याचा अर्थ नुसत्या नोंदींची सूची कमी दर्जाची असा नाही. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' घ्या. १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांचा पहिला भाग १९४३ मध्ये आला, १९३८ ते १९५० चा दुसरा भाग १९६१ मध्ये. तिचं काम वेगळं होतं. मराठीत काय काय छापलं गेलं त्याचा हिशेब ठेवणं. तो हिशेब नसता तर आपण कशावर टिपा लिहिल्या असत्या? जमीन मोजणारा वेगळा आणि कुठल्या जमिनीत काय पिकतं ते सांगणारा वेगळा. दोघं लागतात. सटीप सूची हे दुसऱ्याचं काम आहे. दुसऱ्याचं काम पत्करून पहिल्याचंच करायचं, म्हणजे नुसती नावं मोजायची आणि वर 'उपयुक्त' लिहायचं, ही आपली अडचण आहे.

आता इतिहासातलं एक उदाहरण, कारण तिथं टीप नसली की थेट नुकसान होतं. शिवचरित्रावरच्या कुठल्याही प्रबंधाची यादी काढा. 'सभासद बखर' आणि 'चिटणीस बखर' एकाखाली एक असतात, सारख्याच अक्षरात. बघणाऱ्याला वाटतं दोन साक्षीदार आहेत. पण कृष्णाजी अनंत सभासद हा शिवाजी महाराजांच्या काळातला माणूस. त्यानं बखर लिहिली ती सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. मल्हार रामराव चिटणीस लिहितो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मधे शंभराहून जास्त वर्षं. एक आठवणीतून लिहितो, दुसरा परंपरेनं आलेली माहिती जुळवून लिहितो. दोन्ही वाचावं, दोन्ही वापरावं. पण 'दोन बखरींत हा प्रसंग आहे' असं म्हणून पुरावा दुप्पट होत नाही. दुसऱ्यानं पहिल्यापासून घेतलेलं असू शकतं. ही गोष्ट सांगायची जागा कुठली? टीप. 'घटनेनंतर किती वर्षांनी, कुणाच्या सांगण्यावरून, कशाच्या आधारे' ही तीन उत्तरं तिथं असलीच पाहिजेत. आणि सभासदाच्या टिपेतही एक ओळ हवी: राजाच्या सांगण्यावरून त्याच्या वडिलांचं चरित्र लिहिलेलं आहे. ती ओळ बखरीला कमी करत नाही, ती वाचकाला सावध करते.

आणखी एक. वि. का. राजवाडे यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड, १८९८. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत, म्हणजे पानिपतापर्यंतची. आणि त्याला राजवाड्यांची मोठी प्रस्तावना आहे. विद्यार्थी संदर्भ देतात, 'राजवाडे, खंड पहिला'. पण बाबा, तू पत्र वापरलंस की प्रस्तावना? पत्र हे अठराव्या शतकाचं साधन आहे. प्रस्तावना हे १८९८ सालच्या एका तेजस्वी आणि हट्टी विद्वानाचं मत आहे. एकाच बांधणीत दोन वेगळ्या जातीचे कागद आहेत. टिपेत ते वेगळे काढून दाखवले पाहिजेत.

तसंच फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड'. याद्यांमध्ये बिनधास्त '१८८३' लिहिलेलं असतं. १८८३ मध्ये ते लिहून पूर्ण झालं. संपूर्ण पुस्तकरूपात छापलं गेलं ते फुल्यांच्या निधनानंतर. मग 'या पुस्तकाचा १८८० च्या दशकातल्या वाचकांवर काय परिणाम झाला' असं प्रकरण लिहायला बसलात, तर पायाच नाही. हे सगळं एका ओळीच्या टिपेनं वाचतं: 'लेखन १८८३, संपूर्ण छपाई मरणोत्तर, येथे समग्र वाङ्मयाची अमुक आवृत्ती वापरली.' समग्र वाङ्मयाच्याही एकाहून अधिक आवृत्त्या आहेत, त्यामुळे नुसता पृष्ठांक देऊन भागत नाही.

आता माझ्या शीर्षकातल्या प्रश्नाकडे येते. टीप कुणासाठी लिहायची?

हा प्रश्न आपल्या देशात फार गंभीर होता. बंगालमध्ये जेम्स लाँग नावाचे मिशनरी होते. त्यांनी १८५५ मध्ये बंगाली पुस्तकांची एक वर्णनात्मक सूची काढली. चौदाशे पुस्तकं आणि पुस्तिका, विषयवार लावलेल्या. अधूनमधून विषयाची ओळख, किंमत, कुठे छापलं. कलकत्त्याच्या गल्लीबोळातले छापखाने काय छापतात ते या माणसानं प्रेमानं टिपलं. आजही त्या काळच्या बंगाली छपाईचा अभ्यास करणारा त्यांच्याकडे जातो. पण हेच लाँग सरकारलाही अहवाल देत होते की देशी भाषांतली पुस्तकं वाचत जा, लोकांच्या मनात काय चाललंय ते त्यातून कळेल. पुढे १८६१ मध्ये 'नीलदर्पण' या नाटकाचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल नीळवाल्यांनी त्यांच्यावर खटला भरला. एक महिना कैद आणि हजार रुपये दंड. म्हणजे एकच माणूस, लोकांच्या पुस्तकांचा मित्रही आणि सरकारचा वाचकही.

मग १८६७ चा पंचविसावा कायदा आला, छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा. प्रत्येक छापील पुस्तक सरकारात जमा करायचं आणि त्यांच्या तिमाही याद्या निघायच्या. त्यात पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, विषय, छापखाना, पानं, प्रती, किंमत असे रकाने. आणि एक रकाना शेऱ्याचा. तो शेरा म्हणजे टीपच. कधी दोन शब्द, कधी परिच्छेद. अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट डार्नटन यांनी या शेऱ्यांवर लिहिलं आहे. सुरुवातीला नुसती माहिती, मग हळूहळू चव-नापसंती, आणि राजकारण तापलं तसा राजद्रोहाचा वास घेणं. शेरा लिहिणारे बरेचदा आपलेच शिकलेले लोक होते. पुस्तक त्यांनी वाचलं होतं, बारकाईनं वाचलं होतं. पण ते पुढच्या वाचकासाठी लिहीत नव्हते, वरच्या साहेबासाठी लिहीत होते.

मी हे का सांगते? कारण आपले विद्यार्थीही वरच्यासाठीच लिहितात. गाईडसाठी, समितीसाठी, परीक्षकासाठी. त्यांना दाखवायचं असतं की मी एवढी पुस्तकं वाचली. मग यादी फुगते. ऐंशी पुस्तकं वाचली असतील तर दोनशे दाखवली जातात. दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेल्या नोंदी, त्यांच्या छपाईच्या चुकांसकट. हे पकडायला फार अक्कल लागत नाही. एकाचं चुकलेलं साल पाच प्रबंधांत तसंच चुकलेलं दिसतं. नोंद वरच्यासाठी लिहिली की खोटेपणा शिरतो. पुढच्यासाठी लिहिली, म्हणजे त्या रात्रभर एसटीनं येणाऱ्या मुलीसाठी लिहिली, की हात आपोआप शेवटच्या पानाकडे जातो.

आता प्रत्यक्ष कसं लिहायचं. मी विद्यार्थ्यांना जे सांगते तेच सांगते.

पहिलं, पुस्तक हातात असतानाच टीप लिहा. परत केल्यावर नाही. आठवणीतून लिहिलेली टीप हळूहळू 'मौलिक' होत जाते.

दुसरं, नोंद आधी नीट करा. आवृत्ती कितवी, मूळ साल कोणतं, तुमच्या हातातलं कोणतं, संपादक कोण, भाषांतर असेल तर कशावरून. मराठीत लेखकांची आद्याक्षरं आणि टोपणनावं हा घोळ असतोच. खरं नाव ठाऊक असेल तर ते टिपेत द्या. एकच माणूस दोन नावांनी दोन ठिकाणी पडू नये.

तिसरं, चार प्रश्नांची उत्तरं द्या. पुस्तक काय म्हणतं? कशाच्या जोरावर म्हणतं, कागदपत्रं, मुलाखती, आठवणी, की नुसता तर्क? कुठं थांबतं? माझ्या कामाला काय? सगळ्यांना सारखी जागा देऊ नका. कादंबरी असेल तर दुसरा प्रश्न वेगळा होतो, कोश असेल तर पहिला प्रश्न जवळजवळ नसतोच. पण तिसरा कधी सोडू नका. बहुतेक टिपा तिथंच घाबरतात.

चौथं, किती वाचलं ते लिहा. 'फक्त दुसरे व पाचवे प्रकरण पाहिले.' यात लाज कसली? सगळी पुस्तकं कुणीच पूर्ण वाचत नाही. लाज आहे ती न वाचता वाचल्यासारखं लिहिण्यात. माझ्या त्या टिपेत एवढं वाक्य असतं, 'परिशिष्ट पाहिलेले नाही', तर त्या मुलीचा प्रवास वाचला असता.

पाचवं, टिपा एकमेकींशी बोलल्या पाहिजेत. हे पुस्तक त्या पुस्तकाला उत्तर आहे, हा लेख त्या ग्रंथातल्या अमुक चुकीकडे बोट दाखवतो, असं. सगळ्या टिपा लिहून झाल्यावर एकदा सलग वाचा. त्या वाचून तुमच्या विषयात वाद कुठं आहे ते कळलं पाहिजे. नाही कळलं तर ती अजून यादीच आहे. वादाचा विषय असेल तर अकारविल्हे न लावता सालवार लावून बघा, पुष्कळदा कोण कुणाला उत्तर देतंय ते आपोआप दिसतं.

मला एवढंच सांगायचं होतं. प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोता: मॅडम, यादीत गाईडचंच पुस्तक असेल तर? त्याची मर्यादा कशी लिहायची?

(हशा.) हा खरा प्रश्न आहे, हसू नका. मर्यादा आणि दोष यांत फरक करायला शिका. 'लेखकाने ग्रामीण भागाकडे दुर्लक्ष केले' हा आरोप झाला. 'पुस्तकाची व्याप्ती पुणे-मुंबईपुरती आहे' ही हद्द झाली. दुसरं वाक्य कुठल्याही समंजस गाईडला चालेल. आणि नाहीच चाललं, तर तुम्ही तरी निदान खरं लिहिलंत. मीही गाईड होते. माझ्या पुस्तकावर एका विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, 'चौथे प्रकरण जुन्या माहितीवर आधारित.' मला दोन दिवस राग आला. मग मी ते प्रकरण काढून वाचलं. बरोबर होतं त्याचं.

श्रोता: आता हे सगळं एआय करून देतं. पुस्तकाचं नाव टाकलं की टीप तयार.

मी पण करून पाहिलं. वाक्यं छान येतात. पण यंत्रानं तुमच्या हातातली प्रत पाहिलेली नसते. कधी कधी नसलेलं पुस्तकही असल्यासारखं सांगतं. भाषा सुधारायला घ्या मदत, मी अडवत नाही. पण त्या मुलीनं विचारलेला प्रश्न तुम्हाला कुणी विचारेल, 'कुठली प्रत पाहिली होती?' त्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला देता आलं पाहिजे. मला आलं नव्हतं, तेव्हा एआय नव्हतं. म्हणजे आळस जुनाच आहे, साधन तेवढं नवीन.

श्रोता: मी संशोधक नाही, नोकरीतून निवृत्त झालो. वाचतो भरपूर. मला याचा काय उपयोग?

तुम्हाला सगळ्यात जास्त. तुमच्यावर वरचा कुणी नाही. एक वही करा. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाखाली पाच ओळी लिहा: काय म्हणतं, कशावरून म्हणतं, कुठं थांबतं, कुठली आवृत्ती, किती वाचलं. दहा वर्षांनी ती वही या ग्रंथालयाला द्या. मी सांगते, कुणीतरी एखादी मुलगी ती उघडेल.